दोन म्हशींच्या घरातलं बी-ट्वेल्व्ह

माझं काम रक्ताचं. बेळगावात कोर्टापासून थोडं पुढं एक खासगी लॅब आहे, तिथं मी वीस वर्षं तंत्रज्ञ आहे. लोक हात पुढं करतात, मी शीर शोधतो, सुई घालतो, नळी भरतो आणि दुपारी यंत्रासमोर बसून त्यांच्या आत काय चाललंय ते बघतो. पूर्वी लोक फक्त साखर विचारायचे, फार तर हिमोग्लोबिन. आता सगळे शहाणे झालेत. आता बी-ट्वेल्व्ह आणि डी-थ्री. लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा जिलेबी खाता खाता स्वतःचं बी-ट्वेल्व्ह सांगतो आणि आपलं विचारतो. आपलं जास्त निघालं तर त्याचं तोंड उतरतं.

बेळगुंदीचे एक शेतकरी एकदा माझ्यावर असे उखडले, की बाहेर बसलेले पेशंट उठून आत बघायला आले. त्यांचं डी कमी निघालं होतं. "अवं, दिसभर रानात उन्हात असतोय मी! आन् तुम्ही एसीत बसून माझं ऊन मोजताय व्हय?" मी त्यांना समजावलं, की पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायघोळ धोतर, डोक्याला टॉवेल असला की ऊन कातडीपर्यंत पोचतच नाही, आणि डी तयार व्हायचं ते कातडीतच. त्यांना काही ते पटलं नाही. ते दुसऱ्या लॅबमध्ये गेले, तिथंही कमीच निघालं, मग मात्र त्यांनी मला फोन करून दिलदारपणे माफी मागितली. तेव्हापासून त्यांच्याकडून दरवर्षी भुईमुगाच्या शेंगा येतात.

सांगायचं म्हणजे, ह्या कामात मला मान आहे. "रिपोर्ट बंतेन्री?" म्हणजे आला का, असं कानडीत विचारणाऱ्या आजींपासून ते मोटारीतून उतरणाऱ्या वकिलांपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसतात. त्यामुळं आपल्याला शरीरातलं सगळं कळतं असा एक माज मला आला होता. त्याच काळात माझ्या आईच्या रक्तातलं बी-ट्वेल्व्ह तळाला चाललं होतं आणि तिच्या पायांतली जाणीव जात होती. अर्ध्या जिल्ह्याची रक्तं तपासणारा तिचा धाकटा मुलगा दर रविवारी तिच्यासमोर बसून धपाटे हाणत होता.

आमचं गाव निपाणीजवळ. आम्ही जैन शेतकरी. घरी आई, माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही अण्णा म्हणतो, आणि वहिनी. वडील तंबाखू पिकवायचे आणि खायचेही. सहा वर्षांपूर्वी गालाच्या आतल्या जखमेनं ते गेले. आता अण्णा ऊस आणि सोयाबीन करतो, आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत. म्हशी दांडग्या आहेत. डेअरीला दूध घालूनही घरात एवढं उरतं, की वहिनी येईल त्याला ताक पाजल्याशिवाय सोडत नाही.

आईच्या आजाराची सुरुवात विनोदानं झाली. ती रानातून घरी आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठंतरी बांधावर राहिली होती आणि तिला पत्ताच नव्हता. वहिनीनं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं, मीही हसलो. मग आई म्हणायला लागली, की पायाला मुंग्या येतात. मी म्हटलं, मांडी घालून जास्त वेळ बसत जाऊ नकोस. मग तिला तिखट खाता येईना, जीभ सोलल्यासारखी लाल झाली. मी म्हटलं, वय झालं, आता ठेचा कमी कर. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर तयार होतं. आज ती उत्तरं आठवली की स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते.

सगळ्यात कहर झाला तो बस्तीत. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आई रोज सकाळी जाते, मूर्तीपुढं हात जोडून डोळे मिटते आणि णमोकार मंत्र म्हणते. गेल्या वर्षी असं झालं, की डोळे मिटले की ती डुलायला लागायची. पुढं, मागं, अगदी लयीत. बायकांना वाटलं, हिची तंद्री लागते. "काय भक्ती हो ह्यांची!" असं म्हणून एक नवी सून तिच्या पाया पडली. कुणीतरी व्हिडिओ काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो मी लॅबमध्ये बसून बघितला, ऊर भरून आला, आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. पंचेचाळीस जणांनी तसलीच चित्रं टाकली. आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, की ही बाई पडायला आलीय.

मी अगदीच काही केलं नाही असंही नाही. आई पांढुरकी दिसायला लागली म्हणून मी तिला रक्तवाढीच्या गोळ्या नेऊन दिल्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. डॉक्टरांना विचारलं नाही. मला काय विचारायचं, मी तर रक्तातलाच माणूस. दोन महिन्यांनी गावातच तिचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं, तर चांगलं वर आलेलं. मी जेवताना दोनदा हे सगळ्यांना ऐकवलं. आई म्हणाली, "पर पाय काय ऐकंनात रं." मी म्हटलं, ऐकतील हळूहळू.

श्रावणात एका सकाळी ती बस्तीत डोळे मिटून उभी असतानाच पडली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला खोक पडली. अण्णानं फोन केला. मी त्याच दिवशी जाऊन तिला बेळगावला घेऊन आलो.

तिचं रक्त मीच काढलं. हजारो शिरा बघितल्यात, पण आईच्या दंडाची पट्टी मी दोनदा सोडून परत बांधली. ती मात्र मजेत होती. "पोराच्या हापिसात आले" म्हणून सगळीकडं कौतुकानं बघत होती, यंत्राला हात लावून बघत होती. दुपारी मी तिच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पांढऱ्या पेशींचं केंद्र तीन-चार पाकळ्यांचं असतं. तिच्या पेशींत सहा-सहा, सात-सात पाकळ्या. बी-ट्वेल्व्ह कमी असल्याची ही खूण मी नव्या मुलांना शिकवताना काढून दाखवतो. तरी मी ती काच तीनदा पुसून परत बघितली. संध्याकाळी आकडा आला. आकडा कसला, यंत्रानं नुसतं कळवलं की मोजता येण्यापेक्षा कमी.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडं नेलं. मज्जातंतूंचे डॉक्टर, बोलायला हळू आणि तपासायला चिकट. त्यांनी एक धातूचा चिमटा वाजवून आईच्या घोट्यावर ठेवला आणि विचारलं, कंप जाणवतो का? आई म्हणाली, "कसला कंप?" मग त्यांनी तिला पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले. आई डुलायला लागली. तेच, पुढं, मागं, लयीत. डॉक्टरांनी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि मला म्हणाले, "डोळे उघडे असतात तेव्हा डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले की पायांनी मेंदूला सांगायचं असतं, मी कुठं आहे. ह्यांचे पाय काही सांगतच नाहीत." माझ्या डोळ्यांपुढं तो व्हिडिओ आला आणि त्याखालचं माझं जोडलेल्या हातांचं चित्र.

गोळ्यांचं सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं की रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-ट्वेल्व्ह नसल्यामुळं मज्जातंतू आतून झिजतच राहतात, आणि वर हिमोग्लोबिन चांगलं म्हणून कुणी शोधायलाही जात नाही. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी हे. आईपुढं ते ऐकताना मला मान वर करवेना.

मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, दूध, दही खाता का?"

आईनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणालो, "घरात दोन म्हशी आहेत, डॉक्टर! दुधातुपात लोळतंय घर."

आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागली. डॉक्टर विचारात पडले. शाकाहारी माणसाला बी-ट्वेल्व्ह मिळायचं ते दुधातूनच. दूध भरपूर आणि तरी रक्तात काही नाही, म्हणजे पोटच ते शोषून घेत नसणार. जठरात एक प्रथिन तयार होतं, ते बी-ट्वेल्व्हला हाताला धरून आतड्यापर्यंत नेतं; तेच बिघडलं असेल. दुर्बिणीनं पोट तपासू म्हणाले. तोवर रोज एक इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. म्हणजे आईचा मुक्काम आठवडाभर आमच्याकडं.

पहिल्या इंजेक्शनच्या वेळी नवीच अडचण. मी सिरींज भरली तशी आईनं पदर दंडावर ओढून घेतला. "हे कशापासनं करत्यात?"

"प्राण्यांपासून नाही. काळजी करू नको."

"मग कशापासनं?"

मला खोटं बोलता आलं असतं, पण तोंडातून खरं गेलं. "सूक्ष्मजीव असतात, मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात, ते तयार करतात."

"म्हंजे जीव हायतच की."

"अगं, दह्यात पण असतातच ना!"

"म्हनून तर दही येळेत खायाचं असतंय," ती म्हणाली. मग बराच विचार करून तिनं दंड पुढं केला. "दे. नियमात औषधाची सूट ठेवलीया मी."

कुठल्या नियमात, हे मी विचारलं नाही. आईचे नियम किती! अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, कांदा-लसूण-बटाटा कधीच नाही, सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही. कोण लक्षात ठेवणार?

माझ्या बायकोनं ठेवलं. ती शाळेत शिकवते, तिच्या नजरेतून वर्गातलं काही सुटत नाही आणि घरातलंही नाही. ती माझ्या आईला आत्या म्हणते. दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, साडेपाचच्या सुमारास, आम्ही आईबरोबर जेवायला बसलो होतो. आई सूर्यास्ताआधी जेवते, त्यामुळं त्या आठवड्यात आम्हीही शाळकरी मुलांसारखे लवकर जेवत होतो. बायकोनं आईच्या ताटात दहीभात वाढायला घेतला. आईनं ताटावर आडवा हात धरला. "मला आमटी-भातच दे गं."

बायको वाढायची थांबली. "आत्या, चार दिवस बघतेय. चहा कोरा, दही नको, ताक नको, पोळीला तूप नको. तुम्ही दूध सोडलंय का?"

आईनं स्वतःच आमटी वाढून घेतली. मग म्हणाली, "व्हय."

"कधीपासनं?"

"चार वर्सं होतील आता."

मी ओरडलोच. "मग डॉक्टरांपुढं का बोलली नाहीस? उद्या तुझ्या घशातून नळी घालणार होते!"

"मला कुठं बोलू दिलास तू?" आई शांतपणे म्हणाली. "दोन म्हशी, दोन म्हशी. म्हशी सांगून झाल्यावर मला बोलायला जागा कुठं ऱ्हायली? आन् नियम काय गावभर सांगत सुटायचा असतोय व्हय? घरात तुज्या वहिनीला तेवढं ठावं हाय, तिला बी कुठं बोलू नगं म्हटलंय."

मला हसू आलं, रागही आला, आणि भीतीही वाटली. कारण चार वर्षांचा हिशेब चोख जुळत होता. शरीर बी-ट्वेल्व्ह यकृतात साठवून ठेवतं, चांगलं तीन-चार वर्षं पुरेल एवढं. बाहेरून काही आलं नाही तरी ते गुपचूप त्यातलं वापरत राहतं, कुणाला कळू देत नाही. साठा संपला की मग चप्पल बांधावर राहते.

"पण कशासाठी सोडलंत?" बायकोनं विचारलं.

आईनं माझ्याकडं बघितलं.

इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी इतका वेळ खुबीनं टाळली. मी तंबाखू खायचो. कॉलेजात असल्यापासून. वडील त्या आजारानं गेल्यावरही. रोज सकाळी रक्त काढायच्या आधी लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून चिमूटभर तंबाखू तळहातावर घेऊन चुना लावून मळायचो, ओठाखाली धरायचो, मग हात साबणानं धुऊन पेशंटला सामोरा जायचो. चार वर्षांपूर्वी आमच्या गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. सगळं गाव काही ना काही नियम घेत होतं. आईनं मला महाराजांसमोर बसवलं, आणि भरलेल्या सभेत मी आजन्म तंबाखूत्यागाचा नियम घेतला. लोकांनी जयजयकार केला. वडिलांच्या आठवणीनं मी रडलोसुद्धा. अकराव्या दिवशी जिन्यात जाऊन परत मळली. घरी मात्र सगळ्यांना सांगितलं, सुटली म्हणून. चार वर्षं सांगत होतो. बायकोला संशय होता, पण ती विचारायची आणि मी रागवायचो, मग ती विचारायची थांबली.

"नियम मोडलास तू," आई म्हणाली, "त्येचं प्रायश्चित्त कुणीतरी घ्यायला पायजे की."

"तुला कुणी सांगितलं मोडला म्हणून?"

"बाळ, रविवारी येतोस, शर्ट टाकून जातोस. त्यो मी धुती. खिशाला चुना कुठनं लागतोय? बेळगावात भिंती रंगवतोस व्हय?"

बायको तोंडाला पदर लावून उठली. हसत होती की रडत होती, मला आजही माहीत नाही.

"मी महाराजांकडं गेलते," आई पुढं सांगू लागली. "ते म्हनाले, ज्येचं त्येनंच घ्यायचं असतंय प्रायश्चित्त. मी म्हटलं, खरं हाय महाराज, पर तो घेतोय तवर मी घेती. दूध, दही, ताक, तूप सोडलं. तुजी सुटंस्तवर."

"मला सांगायचं होतंस! भांडायचं होतंस माझ्याशी!"

"तुज्या बाबासंगट चाळीस वर्सं भांडले," ती म्हणाली. "काय झालं?"

मी ताटावरून उठलो, गॅलरीत गेलो आणि खाली रिक्षांची रांग बघत उभा राहिलो. मला माझी भयंकर लाज वाटत होती, आणि खरं सांगतो, त्या लाजेतही मला तंबाखूची तलफ आली होती. एवढी ती चिवट.

दुर्बिणीची तपासणी रद्द झाली. डॉक्टरांना सगळं सांगितलं. बी-ट्वेल्व्ह असं कमी झाल्याचं त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. आधी ते हसले, मग गंभीर झाले. इंजेक्शनं चालू ठेवू, रक्त महिन्याभरात सुधारेल, पण मज्जातंतूंचं सांगता येत नाही. जेवढं लवकर सापडतं तेवढं परत येतं, आपल्याला उशीर झालाय. हे ऐकताना मी मनात महिने मोजले. किती महिने माझ्या गोळ्यांनी खाल्ले, किती त्या दोन म्हशींनी.

"आणि आता दूध सुरू करा, आजी," ते म्हणाले.

"ते त्येच्यावर हाय," आई म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. भरलेल्या सभेत नियम घेताना वाटलं नव्हतं एवढं ओशाळं मला त्या चार बाय सहाच्या खोलीत वाटलं.

आईला गावी पोचवलं. तिथल्या नर्सबाई दर आठवड्याला इंजेक्शन द्यायच्या. मी तंबाखूची पुडी जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पहिले तीन दिवस सगळ्या जगाशी भांडलो. यंत्राशी, पेशंटशी, हिंडलग्याहून रोज येणाऱ्या आमच्या लॅबच्या झाडूवाल्या मावशींशी. लवंग चघळली, बडीशेप चघळली, शेवटी पेनाचं टोपण चघळून संपवलं. विसाव्या दिवशी घसरलो. एका चिमटीपुरताच, पण घसरलो. त्या रविवारी गावी गेलोच नाही, काम आहे म्हणून कळवलं. मग परत पहिल्यापासून. ह्या वेळी कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या शब्दाला घरात किंमत उरली नव्हती, आणि ते बरोबरच होतं.

रविवारी जायचो, शर्ट मुद्दाम आईसमोर धुवायला टाकायचो. आई शर्ट धुवायची आणि कोरा चहा प्यायची. एक महिना झाला, दोन झाले. मी कुढायला लागलो. एवढा जिवाचा आटापिटा चाललाय आणि ही बाई ताकाच्या वाटीकडं बघायला तयार नाही! "सोडलीय मी, खरंच," असं एकदा न राहवून म्हणालो. ती म्हणाली, "व्हय?" आणि भाकरी थापत राहिली. चिडून मी म्हटलं, थांब, आता तुला कागदच दाखवतो.

तंबाखूतल्या निकोटिनचं शरीर कोटिनिन करतं. निकोटिन लवकर निघून जातं, पण कोटिनिन लघवीत काही दिवस सापडतं. माणूस खोटं बोलला तरी ते खरं बोलतं. मी माझाच नमुना घेतला, माझ्याच नावानं नोंदवला, नियमाप्रमाणं पावती फाडली. कोटिनिन नाही. मी रिपोर्ट छापला, त्यावर लॅबचा शिक्का मारला, पाकिटात घातला आणि रविवारच्या पहिल्या बसनं निपाणीला निघालो. बसमध्ये दोनदा पाकीट उघडून बघितलं. दहावीचा निकाल घेऊन जाताना एवढा खूश नव्हतो.

आई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी कागद पुढं धरला, बोट ठेवून वाचून दाखवला, कोटिनिन म्हणजे काय ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "कागद नगं. हात दे."

मी डावा हात पुढं केला. तिनं माझा तळवा दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून वास घेतला. जिथं मी वीस-पंचवीस वर्षं अंगठ्यानं मळत होतो, बरोबर तिथं. पुन्हा घेतला. त्या पिकात जन्म घालवलेलं नाक ते, त्याच्यापुढं माझं यंत्र काय?

तिनं हात सोडला आणि आत वळून हाक मारली, "ताक आन गं वाटीभर."

वहिनी दारातच थबकली. मग पळत जाऊन वाटी घेऊन आली, तिच्या हातातून थोडं सांडलंही. अण्णा गोठ्यातून हातात वैरण तशीच घेऊन बाहेर आला. आईनं वाटी दोन्ही हातांत धरली, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि प्यायली. सावकाश, सगळं. मग तोंड वाकडं केलं. "आंबट हाय गं. दोन दोन म्हशी असून ताजं ताक करायला येत न्हाय तुला." वहिनी हसता हसता खाली बसली. अण्णाही हसला. मी मोठ्यानं रडलो. मला ते लपवायचं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी आईला म्हटलं, पाय दे इकडं, बघू किती परत आलंय. कसं बघायचं ते डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. मी तिचा डावा पाय मांडीवर घेतला, कापसाची बारीक वात केली आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. अंगठ्याला वात लावली. "लागलं," ती म्हणाली. दुसऱ्या बोटाला. "लागलं." तिसऱ्याला. "हां, लागलं की." तिच्या आवाजात शाळेत उत्तरं बरोबर येणाऱ्या मुलीचा आनंद होता.

चौथ्या बोटावर वात फिरवली. ती काही बोलली नाही. करंगळीवर फिरवली. मग पुन्हा चौथ्यावर, जरा दाबून. वहिनी आणि अण्णा माझ्या हाताकडं बघत होते.

"लाव की रं," आई डोळे मिटूनच म्हणाली. "कवाधरनं थांबलेय मी."

"लावतो," मी म्हणालो.